मुलांना तीन दिवस कुठेतरी ने

३ मार्च, मंगळवार

"मुलांना तीन दिवस कुठेतरी ने," ताई म्हणाली. विचारलं नाही. ताई विचारत नाही, वाटून देते. मी भांडी घासते, तू पूस – त्याच आवाजात.

२७ ते २९. शुक्रवार, शनिवार, रविवार. मुलांची परीक्षा २५ला संपते. "एखादं मोठं शहर बघ. दोन-तीन तासांवरचं. फिरव, खायला घाल, दमव. रविवारी संध्याकाळी आण. दुपारी नको हं, संध्याकाळी."

कशासाठी, ते मी कपबशी पुसून फडक्याची घडी केल्यावर तिनं सांगितलं. भाऊजी घर सोडतायत. दोघांनी मिळून ठरवलंय. शनिवारी सामान हलणार. मुलांच्या डोळ्यांदेखत खोकी बाहेर निघायला नकोत.

अठरा वर्षांचा संसार. मी त्यांच्या लग्नात अकरा वर्षांची होते, बूट चावत होते म्हणून रडले होते. आता ते लग्न मोडताना मुलांना घेऊन बाहेर जाणं हे माझं काम! बरोबरच आहे. एकटी बाई म्हणजे घरातला जादाचा सेल – कुठल्याही यंत्रात बसवा.

"मुलांना कधी सांगणार?"

"आल्यावर. मी सांगेन ना. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं. आणि यांच्याशीही या विषयावर एक अक्षर नको. आधीच शरमेनं अर्धे झालेत. उगाच तुझी जीभ."

माझी जीभ. ठीक.

४ मार्च, बुधवार

भाऊजी. मला आश्चर्य वाटलं नाही, हेच लिहून ठेवते. सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास नव्हता.

५ मार्च, गुरुवार

रजेचा अर्ज दिला. प्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?" सहल, म्हटलं. "तू? सहल?" आणि हसले. पाच वर्षांत मी तीन रजा घेतल्यात, त्यातल्या दोन तापाच्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तक्ता केला. चार शहरं. थेट गाडी आहे का, स्टेशनपासून चालत किती, तेरा वर्षांच्या मुलासाठी काय, सोळा वर्षांच्या मुलीसाठी काय, पाऊस आला तर काय. प्रत्येकाला गुण. तिसरं शहर जिंकलं: नदी, जुना पूल, ट्रामचं संग्रहालय, तीनशे बारा पायऱ्यांचा मनोरा. गाडी दोन तास चाळीस मिनिटांची, मध्ये बदल नाही.

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, फिरायला चाललीस की पूल बांधायला?"

माझं कामच हे आहे त्याला मी काय करू. लोक आपले तराजू, तापमापक, दाबाची घड्याळं आमच्याकडे पाठवतात. मी ती आमच्या प्रमाण वजनांशी, प्रमाण मापांशी ताडून बघते. आलं तेव्हा किती चुकत होतं ते लिहायचं, दुरुस्त करायचं, जाताना किती चुकतं ते लिहायचं. वर चिकटपट्टी, तारीख, सही. माझ्या सहीनंतर लोक त्यावर औषधं मोजतात.

८ मार्च, रविवार

ताईकडे. मुलांसमोर तक्ता ठेवला.

थोरलीला घरात सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण ती चार वर्षांची असल्यापासून हुकूम सोडते. धाकटा भोपळा. जन्मला तेव्हा होता तसा. आता उंच काठी झालाय, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बाईसाहेबांनी तक्ता बोटानं खाली खाली वाचत नेला. "मावशी, अकरा चाळीसला काय लिहिलंयस? 'प्रसाधनगृह'?"

"संग्रहालयात आहे. पुढे दोन तास सोय नाही."

"आणि मला अकरा चाळीसला नाही लागली तर?"

"तर राखीव वेळ आहे. बारा दहा."

भोपळा सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसला. मग म्हणाला, मनोरा पक्का का, आणि वर गेल्यावर खाली थुंकता येतं का. नाही, म्हटलं. "मग तीनशे बारा पायऱ्यांचा उपयोग काय!"

बाईसाहेबांची अट एकच: दोन तास एकटीला सोडायचं. कोणी मागे यायचं नाही. मी एक तास म्हटलं. ती एक पन्नास म्हणाली. शेवटी दीड तास, फोन चालू, पुलाच्या अलीकडच्याच बाजूला. तिनं हात पुढे केला, मी मिळवला. "लिही तक्त्यात," म्हणाली. लिहिलं.

हे सगळं चालू असताना भाऊजी स्वयंपाकघरात नळाखाली आडवे. नळ महिनाभर गळतोय. वायसर बदलला, पाना पुसून खणात ठेवला, हात पुसत आले आणि म्हणाले, "आता दहा वर्षं बघायला नको."

तीन आठवड्यांनी घर सोडणारा माणूस नळ दुरुस्त करतो! मनात टोचणी असली की माणसं फार कामाला लागतात. ताई खिडकीपाशी उभी होती. "धन्यवाद," म्हणाली. नवऱ्याला. बँकेतल्या माणसाला म्हणतात तसं.

९ मार्च, सोमवार

नळ गळत नसेल आता. ताईला तेवढं तरी मिळालं.

१२ मार्च, गुरुवार

हॉटेल ठरवलं. तीन बिछान्यांची एक खोली, चौथा मजला, स्टेशनपासून नऊ मिनिटं. फोनवरचा माणूस: "मुलं तुमची?" बहिणीची. "आई-वडील सोबत नाहीत?" नाहीत. "मग दोघांच्या सहीचं पत्र लागेल, मॅडम." दोघांच्या. देऊ म्हटलं. दोघं एका कागदावर सही करण्याची ही बहुधा शेवटचीच वेळ. मीच मसुदा लिहिला. चार ओळी, एकही शब्द जास्त नाही.

ताईला फोन केला तर म्हणाली, "बारके, तू आहेस म्हणून." वाक्य पुरं केलं नाही. एकोणतीस वर्षांची झाले, अजून बारकी.

१४ मार्च, शनिवार

आज कामावर तोंडावर पडले.

एका बेकरीचे सहा तराजू आले होते. पिठाचे. आमचं पाच किलोचं प्रमाण वजन ठेवलं – बारा ग्रॅम कमी. दुसरा – बारा कमी. सहाही! मी सहाही तराजूंवर 'सदोष' लिहिलं आणि दुरुस्तीला घेणार, इतक्यात प्रमुख आले. कागद वाचला.

"सहाही एकाच बाजूला, एवढेच चुकतात?"

"हो. एकाच कंपनीचे आहेत."

"सहा जण एकच खोटं बोलायला लागले ना, की आधी सातव्याला विचारावं."

वजन उचललं, उलटं केलं. बिडाच्या वजनांच्या पोटात एक भोक असतं. नेमकं वजन जुळवायला त्यात शिसं भरून बुजवलेलं असतं. शिसं गळून पडलं होतं. कधी, कुणाला ठाऊक. वरून वजन अगदी तसंच – काळं, गुळगुळीत, आमचा शिक्का मारलेलं. पोटात भोक.

तराजू सहाही बरोबर होते.

प्रमुख ओरडले नाहीत. "रोज जे वापरतो ते उलटं करून बघायचं राहतं," एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. वजनाच्या गेल्या तपासणीनंतरच्या तीन आठवड्यांत त्यावर जे जे तपासलं, त्या सगळ्यांना पत्रं पाठवायचीत. एकोणीस पत्रं. प्रत्येकावर माझी सही.

१५ मार्च, रविवार

ताईकडे पुन्हा. तिची मोठी निळी बॅग मागितली, तिघांचं सामान एकीत बसेल म्हणून. "चाक तुटलंय तिचं." जानेवारीत मीच ती बॅग स्टेशनवरून ओढत आणली होती, चारही चाकं नीट. पण दोन महिन्यांत तुटू शकतं. माझीच घेईन, आणि भोपळ्याला पाठीवरची.

पत्रावर सह्या झाल्या. भाऊजींनी दोनदा वाचून केली, खाली तारीखही घातली. मग ताईनं मला एक जाड फाइल दिली. मुलांचे जन्माचे दाखले, लसींची कार्डं, शाळेचे निकाल, भोपळ्याच्या दम्याच्या औषधांचे कागद, बाईसाहेबांच्या दातांचे एक्स-रेसुद्धा.

"हॉटेलला एवढं लागत नाही, ताई."

"असू दे. तुझ्याकडेच राहू दे."

"दात कुणाला दाखवू? मनोऱ्याच्या रखवालदाराला?"

हसली नाही. एरवी हसते.

भोपळ्याचा फोन ती घरीच ठेवून घेणार आहे. तीन दिवस तरी पोराच्या डोळ्यांना आराम. भोपळ्यानं जमिनीवर लोळण घेतली. ताईनं पाहिलंही नाही.

१९ मार्च, गुरुवार

भाऊजींनी दुकानात बोलावलं. चष्म्यांचं दुकान आहे त्यांचं, अरुंद, भिंतभर आरसे, त्यामुळे एक भाऊजी असतील तिथे चौदा दिसतात. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, पण भोपळ्याचा नवा चष्मा तयार होता.

चष्मा दिला. वर एक जुनी फ्रेम – "पहिला फोडेल तेव्हा." गोळ्यांची पट्टी – "गाडी लागते त्याला. उलट्या दिशेच्या सीटवर बसवू नकोस. निघायच्या आधी अर्धा तास दे, आणि त्याला सांगू नकोस की ती उलटीची आहे, जीवनसत्त्व म्हण, नाहीतर उलटीच आठवते त्याला." मग बाईसाहेबांबद्दल – "ती रागावली की बोलत नाही. बोलायला लावू नकोस. शेजारी बस नुसती."

मी ऐकत होते. एवढं माहीत आहे, आणि निघाला आहेस.

"मीपण आलो असतो," म्हणाले. "पण शनिवारी दुकान बंद ठेवता येत नाही. आणि तुझ्या ताईला घर रिकामं हवंय म्हणे. कपाटं आवरायचीत."

पाठांतर चांगलं होतं. ताईनं सांगितलेली थाप माझ्यासमोरही तशीच चालवायची, मला माहीत आहे हे माहीत असून! मी म्हटलं, "कपाटं आवरायला तीन दिवस लागतात?"

ते हसले. "अठरा वर्षांची कपाटं आहेत ती."

माझ्या चष्म्याची दांडी सैल होती. न विचारता काढून घेतला, स्क्रू पिळला, काचा पुसल्या, परत नाकावर ठेवला. धन्यवाद म्हटलं. ताईसारखंच म्हटलं.

२२ मार्च, रविवार

ताईनं केस कापले. खांद्यापर्यंत. बरी दिसते. मी काही बोलले नाही, ती म्हणाली, "बोल की काहीतरी, दगड." मी म्हटलं, चौतीस सेंटीमीटर गेले असतील. तेव्हा हसली, आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, ताई एकोणीसची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खुर्चीवर बसवून वेणी घातली. वाकडी. मग रोज घातली, सरळ यायला लागेपर्यंत आणि त्यानंतरही, तिचं लग्न होईपर्यंत. माझी उंची ती दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहायची. डोक्यावर पुस्तक आडवं, टाचा भिंतीला. मी टाचा उचलल्या की म्हणायची, "फसवायचं नाही. स्वतःलाच फसवशील." मी मोजायला तिथून शिकले. बाकी सगळं – नोकरी, माणसं, खरं-खोटं – तिच्या मापानंच.

तेव्हा तीन दिवस काय मोठे. करायचं.

पण एक गोष्ट बोचते आहे आणि ती इथेच लिहून संपवते. बाईसाहेब सहा वर्षांची असताना त्यांची मांजर गाडीखाली गेली. घरात सगळ्यांनी सांगितलं, ती शेतावर राहायला गेली. कुणाचं शेत! मी एकोणीस वर्षांची, मला विचारलं तर मी सांगितलं: मेली, रस्त्यावर, मी पाहिली. दोन दिवस रडली. ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोर माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तू एकटीच खरं सांगतेस." तेव्हापासून दहा वर्षं मी तिला एकही खोटं सांगितलेलं नाही. छोटंसुद्धा. ती काही विचारायला येते तेव्हा उत्तराला माझी सही असते.

ताईला हे माहीत आहे. म्हणूनच तिनं मला निवडलं. मुलं दुसऱ्या कुणाबरोबर निघालीच नसती.

२५ मार्च, बुधवार

परीक्षा संपली. भोपळ्यानं गणिताच्या पेपरात शेवटचं उदाहरण सोडलं, कारण "त्यातला माणूस मूर्ख होता, मावशी, हौद गळतोय माहीत असून पाणी भरतो." मुद्दा बरोबर आहे.

बॅगेची यादी: कपडे, गोळ्या, दोन चष्मे, इनहेलर, छत्र्या तीन, पत्र, तक्ता (तीन प्रती). फाइल घरीच ठेवणार होते. ताईचा फोन, "फाइल घेतलीस ना?" घेतली.

वर एक सूचना: "हे तुला फोन करतील कदाचित. आपली बाजू मांडायला. उचलू नकोस. मुलांसमोर तमाशा नको."

२६ मार्च, गुरुवार

उद्या आठ पाचची गाडी. मी तयार आहे. तयार असणं हा माझा एकुलता एक गुण.

२७ मार्च, शुक्रवार. हॉटेल, संध्याकाळ

वेळापत्रक तीन मिनिटं मागे. चालेल.

स्टेशनवर दोघंही आले होते. भाऊजींनी भोपळ्याच्या पाठीवरच्या बॅगेचे पट्टे आवळले, खिशात बिस्किटं कोंबली. "मला काहीतरी आण रे. मोठं नको. खिशात मावेल असं." भोपळा म्हणाला, "ढेकूण आणू का हॉटेलातला?" दोघं खदखदून हसले. मला त्या हसण्याचा राग आला. उद्या जाणार आहेस ना रे बाबा, मग आज हसू नकोस एवढं.

ताईनं बाईसाहेबांना मिठी मारली. सोडेना. मी घड्याळ पाहिलं नाही, पण गाडी चुकेल असं वाटण्याइतका वेळ. मग भोपळ्याला. मग मला. माझ्या कानात, "सांभाळ." ताई मला मिठ्या मारत नाही, टपल्या मारते.

गोळी जीवनसत्त्व म्हणून दिली. माझं पहिलं खोटं, भाऊजींच्या सल्ल्यानं! पण लागली नाही गाडी त्याला.

ट्रामचं संग्रहालय: भोपळ्यानं प्रत्येक ट्रामच्या चालकाच्या जागी बसून घंटा वाजवली. अकरा. रखवालदार शेवटी कानात बोटं घालून बसला. दुकानात त्यानं वडिलांसाठी छोटी ट्राम घेतली, पत्र्याची, लाल, किल्लीची. खिशात घातली, दर दहा मिनिटांनी काढून बघतो. अकरा चाळीसला दोघंही प्रसाधनगृहात गेली. बाईसाहेब बाहेर येऊन म्हणाली, "एक शब्द बोलू नकोस."

संध्याकाळी भाऊजींचा फोन बाईसाहेबांच्या फोनवर. दोघांशी बोलले. काय खाल्लं, गाडी लागली का, उद्या मनोरा ना, वरून खाली बघू नको म्हणावं त्याला. मी खिडकीतून नदी पाहत होते.

२८ मार्च, शनिवार. दुपार

मनोरा झाला. तीनशे बारा नाहीत, तीनशे नऊ आहेत. मी आणि भोपळा दोघांनीही मोजल्या. त्यानं खाली जाऊन तिकीटवाल्याला सांगितलं. तिकीटवाला म्हणाला, "बेटा, तीन पायऱ्यांसाठी पाटी बदलू?" भोपळा म्हणाला, "हो! चूक आहे ती!" मला त्याचा अभिमान वाटला. एवढंच चांगलं आज घडलं.

मग बाईसाहेबांचा दीड तास. ती चाळीस मिनिटांत परत आली. मी पुलाजवळ बाकावर होते, भोपळा खाली पाण्यात खडे टाकत होता. ती शेजारी बसली. बोलली नाही. मीही नाही. भाऊजींची सूचना.

मग म्हणाली, "मावशी, घरी काय चाललंय?"

"कुठे काय."

"असं नको ना करू. तू नको." मग एकदम, "दोन महिने झाले, आई बाबांना धन्यवाद म्हणते. पाणी दिलं, धन्यवाद. दिवा लावला, धन्यवाद. काल स्टेशनवर मला असं धरलं तिनं... तीन दिवसांसाठी कोणी असं धरतं? बाबा जाणारेत का?"

नाही म्हणता आलं असतं. 'मला माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'घरी गेल्यावर आईला विचार' म्हणता आलं असतं; सगळ्यात सोपं ते होतं. तीन पर्याय, तिन्ही शेतावर गेलेल्या मांजरी.

मी म्हटलं, "हो. बाबा जाणारेत. आज सामान हलतंय. म्हणून आपण इथे आहोत."

"नक्की?"

"नक्की."

ती रडली नाही. विचारलं, "त्यांना माहीत होतं? काल फोनवर बोलले तेव्हा?" हो, म्हटलं. "स्टेशनवर हसत होते तेव्हा?" हो.

भोपळा केव्हा वर येऊन मागे उभा राहिला मला कळलं नाही. हातात खडा तसाच.

२८ मार्च, संध्याकाळ

बाईसाहेबांनी वडिलांचा नंबर बंद करून टाकला. माझ्यासमोर, मला दाखवून. आता त्यांचा फोन येणारच नाही. "त्यांना म्हणावं, बोला आता आरशांशी."

माझ्या फोनवर भाऊजींचे सात. उचलले नाहीत. मग संदेश: "एकदा फोन कर. फार महत्त्वाचं आहे. मुलांसमोर नको." आता बाजू मांडायची आठवण झाली! ताईचं बरोबर होतं.

ताईचा दुपारचा संदेश: "सगळं नीट चाललंय. मुलं?" मी लिहिलं, ठीक. त्यांना सांगून टाकलंय हे लिहिलं नाही. तोंडावर सांगेन. तिला फोन केला, लागला नाही. सामानाच्या गडबडीत असेल.

जेवताना भोपळा म्हणाला, "त्यांनी नळ कशाला दुरुस्त केला मग?"

२९ मार्च, रविवार. परतीची गाडी

उरलेला तक्ता रद्द. सकाळभर खोलीतच. तिसऱ्या बिछान्यावर भोपळा भिंतीकडे तोंड करून.

निघताना मी नेहमीसारखी खोली तपासली. खण, न्हाणीघर, बिछान्याखाली. खिडकीच्या कट्ट्यावर लाल ट्राम. "राहिली तुझी," म्हटलं. "राहू दे," म्हणाला. "मला नको. कोणालाच नको."

मी सामानाच्या बाबतीत कधीही काही मागे ठेवत नाही. ती ठेवली. त्याचा हक्क आहे असं वाटलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. भाऊजींना कुठेतरी, कशानं तरी लागावं.

भाऊजींचे एकूण तेवीस. ताईचा फोन अजून लागत नाही.

बाईसाहेब माझ्या खांद्यावर झोपलीय. झोपण्यापूर्वी म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तू नसतीस तर आम्हाला कोणी सांगितलंच नसतं." तिच्या डोक्याच्या भारानं माझा डावा हात बधिर झालाय. हलवत नाही. उजव्यानं लिहिते आहे. अजून पस्तीस मिनिटं.

२९ मार्च, ताईचं घर

दार भाऊजींनी उघडलं.

त्यांचे बूट जागेवर. पुस्तकं जागेवर. नळ गळत नाही. ताईच्या कपाटात चौदा हँगर, चौदाही रिकामे. निळी बॅग नाही. टेबलावर माझ्यासाठी चिठ्ठी, तिच्या सरळ अक्षरात: "खरं सांगितलं असतं तर तू नेलं नसतंस. मुलांचे कागद तुझ्याकडे आहेत. त्यांना तू सांग, तुझं खरं मानतात."

भाऊजींच्या अंगात कालचा शर्ट. "दुकानातून आलो तर हे असं... किती फोन केले तुला. मुलांना काय सांगायचं, तेवढंच विचारायचं होतं." बाईसाहेब त्यांच्या अंगावरून, त्यांच्याकडे न बघता, आत निघून गेली होती. त्यांना वाटलं दमली असेल. मग ते भोपळ्यासमोर खाली बसले, त्याचा चष्मा सरळ केला, हसायचा प्रयत्न केला.

"काय आणलंस रे मला?"

भोपळ्यानं खिशात हात घातला. तसाच ठेवला. आणि माझ्याकडे बघितलं.